चुंबकीय फीत, स्वतंत्र चित्रपट आणि यवतमाळ जिल्हा

जिल्ह्याच्या इतिहासाची साधने म्हणून गॅझेटियर, महसुली दप्तरे, शिलालेख आणि वृत्तपत्रांचे जुने अंक यांचा विचार अभ्यासक करतात. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या साधनांत व्हिडिओ कॅसेटची भर पडली आणि तिची नोंद मात्र बहुधा कोणत्याही दप्तरात झाली नाही. लग्ने, मिरवणुका, कीर्तने, सभा आणि शाळांची स्नेहसंमेलने या कॅसेटवर उतरली, तिच्यावरून लोकांनी जगभरचे चित्रपट पाहिले आणि महाराष्ट्रातील एका गावाने तर तिच्या आधारे स्वतःचा चित्रपट उभा केला. सोळा तालुके, १३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्या असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे मराठी आणि वऱ्हाडीबरोबर बंजाऱ्यांची गोरबोली, गोंडी आणि कोलामी या भाषा बोलल्या जातात, तिथे या साधनाचे मोल विशेष आहे. जुन्या फिती जमवणे आणि थोड्या पैशांत स्वतंत्र चित्रपट काढणे ही दोन कामे वेगवेगळी मानली जातात. महाराष्ट्रातील व्हिडिओचा इतिहास मात्र असे दाखवतो की ती मुळात एकाच कामाची दोन अंगे होती आणि एक सुटले की दुसरेही दुबळे होते.

मोठी निर्मितीसंस्था, वितरक किंवा दूरचित्रवाहिनी यांच्या भांडवलाशिवाय आणि म्हणून त्यांच्या हुकमाशिवाय काढलेला चित्रपट तो स्वतंत्र चित्रपट, असा अर्थ येथे घेतला आहे. सेल्युलॉइडच्या काळात असा चित्रपट काढणे जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला जवळजवळ अशक्य होते, कारण ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळावर जेमतेम अकरा मिनिटांचे चित्रण बसत असे, ते रीळ रसायनशाळेत धुऊन आणल्याशिवाय काय टिपले गेले हे कळत नसे आणि अशा रसायनशाळा मुंबई, मद्रास यांसारख्या मोजक्या शहरांतच होत्या. कॅमेरा भाड्याने मिळाला तरी कच्ची फिल्म, धुलाई, संकलन आणि प्रदर्शनासाठीची प्रत या प्रत्येक पायरीवर पैसा लागे, आणि त्यामुळे चित्रपट काढावा असे वाटणाऱ्या माणसाला आधी आपले गाव सोडावे लागे.

चुंबकीय फितीने ही साखळी तोडली. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण चिकटद्रव्याने बसवलेले असतात आणि विद्युत्‌संकेतांनुसार त्या कणांचे चुंबकत्व बदलून चित्र व ध्वनी नोंदवले जातात, हे या फितीचे मूलतत्त्व होय. सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस ही घरगुती वापराची पद्धत बाजारात आणली. त्यांपैकी व्हीएचएस टिकली आणि भारतातही तीच सर्वदूर पोहोचली. अर्धा इंच रुंदीची सुमारे अडीचशे मीटर फीत एका कॅसेटमध्ये तीन तास चालत असे. यंत्रातील फिरते नळकांडे सेकंदाला पंचवीस फेऱ्या घेत फितीवर तिरक्या रेघा ओढत जाई आणि यांतील प्रत्येक रेघ माणसाच्या केसाहूनही बारीक असे. टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहता येई, नको असल्यास पुसता येई आणि दुसऱ्या यंत्रावर त्याची नक्कल काढता येई. रसायनशाळा आणि तिच्यासाठीचा प्रवास या दोन्ही गोष्टी एकदम गळून पडल्या.

भारतात या यंत्राला वाट मिळाली ती १९८२ साली. त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केले आणि रंगीत संच व व्हिडिओ यंत्रे देशात मोठ्या संख्येने आली. यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. त्यामुळे महाराष्ट्रातील गावांनी ते विकत घेण्यापेक्षा वाटून घेण्याची रीत काढली. गणेशोत्सवात, बारशाला किंवा लग्नाच्या आदल्या रात्री वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन-चार चित्रपट पाहायचे, ही त्या दशकाची एक ओळखीची सामूहिक चाल होती. तालुक्याच्या गावांत व्हिडिओ लायब्ररी, म्हणजे कॅसेट भाड्याने देणारी दुकाने, आणि व्हिडिओ पार्लर, म्हणजे एखाद्या खोलीत बाके टाकून तिकिटावर चित्रपट दाखवणारी छोटी घरे, उभी राहिली. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजने जे काम वर्षातून काही दिवस केले होते, ते या पार्लरनी बारमाही केले आणि त्यात एक मोठा फरक पडला: टॉकीजची रिळे वितरकाकडे परत जात, तर कॅसेट मात्र गावातच राही.

कायद्याने या व्यवहाराकडे मुख्यतः संशयाने पाहिले आणि त्याला कारणही होते, कारण पार्लरमध्ये लागणाऱ्या बऱ्याच कॅसेट परवानगीवाचून काढलेल्या नकला असत. १९८४ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांचा त्यात स्पष्टपणे समावेश करण्यात आला आणि कॅसेटवर व तिच्या वेष्टनावर हक्कधारकाचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक झाले. राज्यात करमणूक शुल्काची वसुली १९२३च्या जुन्या कायद्याखाली चालत होती. निर्मात्याचे नुकसान होत होते हे खरे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या माणसाला एरवी वर्षाला चार-पाच चित्रपट दिसले असते, त्याला पार्लरच्या फळीवर देशोदेशीचे चित्रपट हाताशी मिळाले, ते थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहता आले आणि एक दृश्य दुसऱ्याला कसे जोडले जाते हे न सांगता समजू लागले.

या शिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे आहे. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसलेले हे गाव यंत्रमागांचे. उत्तर भारतातून १८५७नंतरच्या काळात आलेल्या विणकर कुटुंबांची येथे मोठी वस्ती झाली. मागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी सिनेमा पाहणे ही कामगारांची जुनी सवय. यवतमाळ जिल्हा कापूस पिकवतो आणि मालेगाव कापड विणते; एकाच धाग्याच्या दोन टोकांवरच्या या दोन ठिकाणी कष्ट करणाऱ्या माणसाला चित्रपटाच्या कारखान्यात मात्र स्थान नव्हते. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला. लग्नाच्या चित्रीकरणाचा कॅमेरा, गावातलेच नट, सुमारे पन्नास हजार रुपयांचा खर्च आणि संकलनासाठी पार्लरमधलीच व्हिडिओ यंत्रे एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा राहिला. मूळ 'शोले'तील दरोडेखोर घोड्यांवर येतात, ते येथे सायकलींवर आले. कॅमेरा उंच नेण्यासाठी क्रेन नव्हती म्हणून बैलगाडीची दांडी उचलून तो वर नेला गेला, आणि धावत्या दृश्यांसाठी लागणाऱ्या रुळांचे काम सायकलने केले.

दोन यंत्रांवरचे हे संकलन कसे होते ते समजून घेणे आवश्यक आहे. एका व्हीसीआरमध्ये मूळ चित्रण लावायचे, दुसऱ्यात कोरी कॅसेट घालायची आणि हवा तेवढाच तुकडा पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरवून लगेच थांबवायचे. मग पुढचा तुकडा शोधायचा. या पद्धतीत चित्रपट आरंभापासून शेवटापर्यंत ओळीनेच बांधावा लागतो, मधला एखादा तुकडा पुढे लांबवायचा ठरवला तर त्यानंतरचे सगळे काम पुन्हा करावे लागते, आणि प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडे फिके, थोडे थरथरते होते. ज्याने पार्लरमध्ये वर्षानुवर्षे कॅसेट लावल्या, अडकलेली फीत सोडवली, यंत्राचे हेड पुसले आणि कोणत्या दृश्याला प्रेक्षक शिट्टी वाजवतात हे मागे उभे राहून पाहिले, त्याच्या हाताला हे काम परके नव्हते. मालेगावच्या चित्रपटाला पार्लरमधील कॅसेटच्या फळीने शिकवले, म्हणून संग्रह आणि निर्मिती ही तेथे एकाच खोलीत राहिली.

पुढे मालेगावात असे अनेक चित्रपट निघाले, त्यांची भाषा उर्दूमिश्रित हिंदीबरोबर खानदेशी वळणाचीही होती, आणि प्रेक्षक आपल्याच गल्लीतील माणसांना पडद्यावर पाहण्यासाठी गर्दी करू लागले. 'मालेगाव का सुपरमॅन' या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात उडणाऱ्या नायकाची भूमिका करणारे यंत्रमाग कामगार शफीक शेख आणि हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून पार्श्वभूमी बदलण्याची युक्ती प्रथमच वापरणारी नासिर यांची मंडळी दिसतात. २०२४ साली रीमा कागती यांनी याच माणसांवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट दिग्दर्शित केला. या क्रमात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे: मालेगावविषयीचे चित्रपट जगभरच्या महोत्सवांत पोहोचले आणि सुरक्षित झाले, तर मालेगावने स्वतः काढलेले चित्रपट ज्या फितींवर होते त्या फिती सर्वांत नाजूक राहिल्या.

नायजेरियाचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथे १९९२ साली 'लिव्हिंग इन बाँडेज' हा चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटवर विक्रीला आला आणि त्यातून जगातील मोठ्या चित्रपटउद्योगांपैकी एक उभा राहिला, कारण तेथील व्यापाऱ्यांनी कॅसेट हेच चित्रपटगृह मानून तिचे वितरण बाजारपेठेतून केले. महाराष्ट्रात तशी व्यवस्था झाली नाही. आपल्या देशात लहान चित्रपटाला आधार मिळाला तो व्यापारापेक्षा लोकवर्गणीतून. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी १९७६ साली गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याच वर्षीचा 'घाशीराम कोतवाल' युक्त या तरुणांच्या सहकारी संस्थेने काढला. २००४ साली 'श्वास' ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा त्याच्या प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी सामान्य मराठी माणसांनी पैसे जमवले. आणि भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी आपली जमीन विकली. वर्गणी देणारा माणूस चित्रपटाचा भागीदार होतो आणि जमीन विकणारा एकटाच जोखीम उचलतो, हा फरक लक्षात घेतला तर स्वतंत्र चित्रपटाला पाठबळ देणे ही दानधर्माची नव्हे, भागीदारीची बाब ठरते.

यवतमाळ जिल्हा पडद्यावर आला तो प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या दुःखातून. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह आपले जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही घटना पहिली म्हणून नोंदवली जाते. वीस वर्षांनी, २००६ साली, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. या काळात डिजिटल व्हिडिओचे लहान कॅमेरे घेऊन माहितीपटकार विदर्भातील कापूसपट्ट्यात फिरू लागले. पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामाचा मागोवा घेणारा दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' २००९ साली आला. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या 'कॉटन फॉर माय श्राउड'ने बीटी कापसाचे बियाणे, कर्ज आणि भाव यांचा शोध घेतला आणि त्याला शोधपर चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथापटात सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' महत्त्वाचा आहे. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यानंतर आपला नवराही तेच करील या धास्तीने त्याच्यावर सतत नजर ठेवणारी पत्नी हे त्याचे कथासूत्र असून, पावसाला हासडलेली वऱ्हाडी शिवीच त्याच्या नावात आहे. लहान आर्थिक बळावर निघालेल्या या चित्रपटांनी प्रदेशाची वेदना देशापुढे मांडली आणि त्यांचे ऋण मोठे आहे.

तरीही एवढ्यावरून जिल्ह्याचे चित्र पूर्ण होत नाही. बाहेरून आलेला कॅमेरा मृत्यूनंतर येतो. जगत असलेल्या माणसांचे चित्रण गावातील व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या कॅसेटमध्ये असते. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक असलेल्या कोलामांची पोडे, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्या, बहुतांशी याच जिल्ह्यात आहेत. पुसद, दिग्रस, आर्णी या भागांत बंजाऱ्यांचे तांडे दाट आहेत. दिवाळीच्या सुमारास होणारी दंडार, तांड्यावरची तीज, होळीतली लेंगी गीते ही मुख्यतः तोंडी परंपरेची संपत्ती आहे. छापील पुस्तकात तिचे शब्द उतरतात, पण आवाज, पावलांचा ठेका आणि वयस्क बायकांनी गाताना एकमेकींकडे टाकलेली नजर उतरत नाही. लग्नासाठी म्हणून सुरू केलेल्या कॅमेऱ्याने अशा गोष्टी नकळत टिपल्या. मंडपातील पंगत, बैलांच्या गळ्यातील घुंगरे, त्या वर्षीचे लुगड्याचे काठ, पऱ्हाट्यांनी विणलेली भिंत आणि आज हयात नसलेल्या आजोबांची बोली हे सारे त्या तीन तासांत असते. कोणत्याही माहितीपटकाराला हे पैसे देऊनही पुन्हा उभे करता येणार नाही.

हा ठेवा दोन मार्गांनी नष्ट होतो. पहिला मार्ग निसर्गाचा. कण धरून ठेवणारे चिकटद्रव्य हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होते, पावसाळ्यात फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या वैदर्भीय उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटमधील फीत ताणली जाऊन वाकते. फितीसाठी वीस अंशांच्या आतबाहेरचे स्थिर तापमान आणि कोरडी हवा लागते. घरातल्या घरात म्हणायचे तर माळ्यापेक्षा मधल्या खोलीतील कपाटाचा खालचा कप्पा बरा आणि कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवलेली बरी. दुसरा मार्ग यंत्रांचा. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर नवे यंत्र मिळणे बंद झाले. फीत शाबूत असूनही ती वाचणारे यंत्र नाही, अशी वेळ येऊ लागली. युनेस्को आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ साली चुंबकीय फितींविषयी जो इशारा दिला, त्याचा आशय हाच होता की २०२५च्या सुमारास बहुतेक फिती प्रत्यक्षात वाचता न येणाऱ्या होतील.

महाराष्ट्राने अशा हानीचा अनुभव एकदा घेतला आहे. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत, कारण चित्रपट ही जपण्याची वस्तू आहे असे तेव्हा कोणाला वाटले नाही आणि काही रिळे तर त्यांतील चांदीसाठी वितळवली गेली. पुण्यात फेब्रुवारी १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून रिळे जमवली, म्हणून जे वाचले ते वाचले. व्हिडिओसाठी असा माणूस आणि अशी संस्था उशिरा आली. मुंबईत २००८ साली काही कलावंत, वकील आणि माहितीपटकारांनी मिळून 'पॅडमा' हा सार्वजनिक व्हिडिओसंग्रह सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा चित्रपटात न वापरलेले मूळ चित्रण जपतो आणि त्यावर अभ्यासकांना टिपणे लिहू देतो. अशा जुन्या चित्रणाचे सामर्थ्य आनंद पटवर्धन यांच्या कामात दिसते. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे त्यांनी १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये टिपले होते. १९९७ साली मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरातील पोलीस गोळीबारानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली, आणि तेथून सुरू झालेल्या चौदा वर्षांच्या चित्रणातून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट घडला. जुने चित्रण जपलेले नसते तर त्या शाहिराचा आवाज नव्या चित्रपटात ऐकू आलाच नसता.

म्हणून यवतमाळसारख्या जिल्ह्यात स्वतंत्र चित्रपटाला पाठबळ द्यायचे असेल तर सुरुवात नव्या कॅमेऱ्यापासून नव्हे, जुन्या कॅसेटपासून करावी लागेल. यवतमाळने १९७३ आणि २०१९ अशी दोनदा मराठी साहित्य संमेलने भरवली, त्यांतील पहिल्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर हे तर मराठी चित्रपटाचे थोर कथाकार व गीतकार होते. शब्द आणि पडदा यांचे नाते या गावाला अनोळखी नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत आणि पुस्तक जपण्याची, त्याची नोंद करण्याची, ते लोकांना देण्याची रीत त्यांच्याकडे तयार आहे. तालुक्यातील एका वाचनालयाने एक चालू व्हीसीआर, तो दुरुस्त करू शकणारा एक जुना कारागीर आणि एक संगणक एवढी जुळवाजुळव केली, घराघरांतील कॅसेट मालकांच्या संमतीने उतरवून घेतल्या, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या बोलीत हे चित्रण झाले याची नोंद केली, आणि उतरवलेली प्रत देऊन मूळ कॅसेट घरी परत केली, तर चित्रपट काढू पाहणाऱ्या तांड्यावरच्या किंवा पोडावरच्या तरुणाला स्वतःच्याच लोकांचा तीस-चाळीस वर्षांचा कच्चा माल हाताशी मिळेल. तो काय करील हे आज सांगता येणार नाही, जसे मालेगावच्या पार्लरमधील कॅसेटच्या फळीकडे पाहून कोणाला सांगता आले नसते.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीकडे, डाव्या कोपऱ्यात, प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती शाबूत असेल तर यंत्र जुन्या चित्रणावर नवे चित्रण करते. ती मोडली की यंत्र तसे करण्यास नकार देते, आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा पुसण्याजोगी होते. कोरी कॅसेट महाग होती त्या काळात कितीतरी घरांनी अशी चिकटपट्टी लावून एका लग्नावर दुसरा चित्रपट, एका सभेवर क्रिकेटचा सामना चढवला, आणि त्यात दोष देण्यासारखे काही नव्हते, कारण काय जपावे हे कोणी सांगितलेच नव्हते. आज वाचलेली प्रत्येक कॅसेट हाती घेताना पहिले काम ती पट्टी पाहण्याचे आहे. शिल्लक असेल तर ती नखाने मोडून टाकावी आणि मगच कॅसेट यंत्रात घालावी.